रंभाजी अस्वलाची बंदूक आणि गाडीचं तेल

एका जंगलात, बाळांनो, बंदूक एकच होती. ती होती रंभाजी अस्वलाकडे. रंभाजी तिथला राखणदार. हरणी चरायला गेल्या की त्यांची पाडसं सांभाळायची, एवढंच त्याचं काम. लांडगा आला की रंभाजी हवेत बार काढायचा आणि लांडगा शेपूट घालून पळायचा. रंभाजीचा नेम कसा आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रंभाजीलाही नाही.

यंदा पावसाळ्यात बंदूक गंजली. खटका हलेना. बंदुकीच्या तेलाची बाटली होती, पण ती रंभाजीनं आपल्याच गुडघ्यांना चोळून संपवली होती. गुडघे झकास चालत होते. बंदूक तेवढी बसली होती.

बार निघाला नाही, तर पाडसं गेली. मग हरणींना तोंड कसं दाखवायचं?

तो तसाच उठला आणि इठू रानडुकराच्या गॅरेजवर गेला. त्या जंगलात गाडी एकही नव्हती. गॅरेज मात्र होतं. हसू नका, असतात अशी गॅरेजं.

"मिस्त्री, हिला जरा तेल दे की."

इठूनं बंदूक उलटीपालटी करून पाहिली. "दुचाकी का चारचाकी?"

"अरे, बंदूक आहे ती! चाकं कुठून आणू?"

"चिडतोस कशाला? विचारावं लागतं. बरं, अ‍ॅव्हरेज किती देते?"

रंभाजी बोटं मोजू लागला. इठूनं मग अंदाजानंच इंजिन ऑइल ओतलं. नळीतून वर येईपर्यंत ओतलं. वरून बोटभर ग्रीस लावलं. म्हणाला, "हे आपल्याकडून."

दुपारी लांडगा आला. पाडसं रंभाजीच्या पायांमागे दडली. रंभाजीनं बंदूक आभाळाकडे धरली आणि खटका ओढला. खटका कसा लोण्यासारखा दबला! पण बार? बार तेलात भिजून चिंब. नळीतून पुच् आवाज झाला आणि काळा थेंब उडून थेट लांडग्याच्या नाकावर बसला.

रंभाजीनं डोळे मिटले. संपलं सगळं.

लांडग्यानं नाक चाटलं. "रंभाजी, हे इंजिन ऑइल ना रे?"

"हो."

"बंदुकीला? अरे खुळ्या, गिअर ऑइल घालतात!"

रंभाजीनं एक डोळा उघडला. "कुणी सांगितलं?"

"माझ्या मेव्हण्यानं."

"त्याच्याकडे बंदूक आहे?"

"बंदूक नाही. पण त्याचं मत आहे."

तेवढ्यात इठू धावत आला. "गिअर ऑइल कोण म्हणालं? समोर या!" झाडावरून घोरपड ओरडली, "ब्रेक ऑइल!" साळिंदर काटे फुलवून म्हणालं, "सिंथेटिकशिवाय हात लावू नका!" तळ्यातल्या कासवानं मान बाहेर काढली, "खोबरेल," असं म्हटलं आणि मान पुन्हा आत घेतली. लांडगा बैठक मारून बसला. म्हणाला, "आता मी सांगतो, सगळे गप ऐका."

कुणीच गप बसेना.

रंभाजी तसा सावकाश माणूस, म्हणजे अस्वल. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पायानं एक पाडस हळूच मागे ढकललं आणि विचारलं, "आणि थंडीत रे? थंडीत कुठलं घालावं?"

झालं! पुन्हा गिल्ला उठला. दुसरं पाडस झुडपात गेलं. "आणि जुनं तेल गाळून चालतं का?" असं रंभाजीनं विचारलं, तेव्हा तर लांडगा आणि इठू एकमेकांच्या अंगावरच गेले. सगळी पाडसं आयांपाशी पोचली.

सूर्य मावळला. लांडग्याचा घसा बसला. तो उपाशीच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी लांडगा पुन्हा हजर. पाडसं अगदी समोर, कोवळी, उड्या मारणारी. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धापा टाकत म्हणाला, "इठू कुठाय? काल एक मुद्दा राहिला."

तात्पर्य : हत्याराला योग्य तेलच घालावं, असं काही नाही. खुशाल चुकीचं घालावं. योग्य कुठलं ते सांगायला शत्रू आपला धंदा सोडून बसतो.