खलीलभाईंनी केलेली विद्यापीठाची चौकशी

चौलच्या खलीलभाईंना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान खलीलभाईंचं तसं मत होतं. मस्कतला अठरा वर्षं गोदाम सांभाळून आता गावी सुपारीचा व्यापार करणारा माणूस. पुतणीला आलेल्या स्थळाच्या फोटोत मुलगा ज्या गाडीला टेकून उभा होता ती त्याच्या शेठची, हे त्यांनीच रोह्याला जाऊन शोधून काढलं होतं. तेव्हापासून फोटो म्हटला की त्यांच्या भुवया वर जायच्या.

त्यात लेकीने, जवेरियाने, पनवेलकडच्या एका विद्यापीठाची वेबसाइट दाखवली. हिरवळीवर पाच पोरं खिदळत बसलेली: एक सरदारजी, एक आफ्रिकेचा, एक मणिपूरची, एक व्हीलचेअरवरचा आणि एक स्कार्फवाली.

"बघा अब्बा, आपल्यातल्या मुली पण हायत तिथं."

खलीलभाईंनी चष्मा पुसला. तीच स्कार्फवाली पुढे प्रयोगशाळेत नळी धरून उभी होती, वकिलीच्या पानावर काळ्या कोटात होती आणि हॉटेल मॅनेजमेंटला केक कापत होती.

"ही एकटीच एवढे कोर्स करते, मग झोपते कधी? सगळं भाड्याचं हाय. यातलं एक माणूस जरी तिथं खरं सापडलं तर तुला पाठवीन. नायतर इथलंच कॉलेज."

जवेरियाचा चेहरा पडला. अर्जाला चारच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी बापलेक निघाले. वजन पडावं म्हणून खलीलभाईंनी मस्कतचा पांढराशुभ्र झगा चढवला, फोटोची प्रत घेतली आणि स्थळाची करतात तशी चौकशी थेट फाटकापासून सुरू केली. "ही मुलगी कुठं राहते? घरचे कसे हायत? सुटते कधी?"

रखवालदार दयारामला हे प्रश्न बिलकुल आवडले नाहीत.

"काका, तुम्ही कोण तिचे?"

"मी बाप हाय."

"हिचा?"

"हिचा न्हाय. हिचा," म्हणून त्यांनी जवेरियाकडे बोट दाखवलं. दयारामचा संशय दुप्पट झाला आणि त्याने दोघांना प्रसिद्धी विभागात नेऊन उभं केलं.

तिथल्या प्रणाली मॅडमनी आधी झगा पाहिला, मग जवेरियाचा स्कार्फ, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "सर, कुठून आलात?"

"मस्कतला होतो, पण आता…"

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. खुर्च्या आल्या, चहा आला, कॅमेराही आला.

"पण ही पोरगी कुठं हाय?"

"ती ना, सुट्टीवर आहे."

खलीलभाईंना हे मुळीच पटलं नाही. तरी फोटोआधी त्यांनी दाढीवरून कंगवा फिरवलाच.

तिसऱ्या दिवशी बायको महेरुन्निसाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. वेबसाइटवर जवेरिया होती, 'आमची विद्यार्थिनी'. शेजारी खलीलभाई, 'ओमानचे पाहुणे प्राध्यापक'.

"बघितलंत? नखशिखांत खोटं," खलीलभाई गरजले. "अजून प्रवेश न्हाय न् काय न्हाय."

"खोटंच हाय, अब्बा," जवेरिया म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "पण मला पाठवलंत तर त्यातली मी तरी खरी होईन."

खलीलभाईंनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी मात्र पेन बराच वेळ घुटमळलं. शेवटी त्यांनी 'सुपारीचा व्यापार' असं लिहिलं, पण जरा बारीक अक्षरात.