खोली क्रमांक बाराने पूर्ण केलेला कोर्स

ज्ञान आणि आचरण ही सख्खी भावंडं. म्हणूनच त्यांचं आपसात पटत नाही.

विद्यापीठाने प्रतिजैविकांबाबत विद्यार्थ्यांचं ज्ञान तपासलं, तेव्हा मुलींच्या वसतिगृहातली खोली क्रमांक बारा पहिली आली. वीसपैकी वीस. ही गोळी साध्या सर्दीला चालत नाही, दुसऱ्याची घेऊ नये, पाच दिवसांचा कोर्स अर्धवट सोडू नये, सगळं चौघींना मुखोद्गत. (चौघींची उत्तरं स्वल्पविरामासकट सारखी होती. हा एकोप्याचा पुरावा मानण्यात आला.)

याच खोलीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्यांची उरलेली पट्टी त्यात जमा व्हायची. चांगलं औषध टाकवतं कुणाला? वाटपाचं काम चौघींतल्या थोरलीकडे, ताईकडे. ती सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे अधिकार आलाच. सर्दीला एक (‘चालत नाही गं, पण तुझी सर्दी वेगळीये’), तोंडी परीक्षेआधी अर्धी. पाच दिवसांचा नियम मात्र तिने कधी मोडू दिला नाही. पट्टीचे तीन दिवस एकीने घेतले, तर उरलेले दोन दुसरीने घ्यायचे. कोर्स पूर्ण.

मग खोलीतल्या धाकटीला लघवीला जळजळ सुरू झाली.

“ताई, डॉक्टरकडे जाऊ का?”

“कशाला? तेही हेच लिहून देणार. घे.”

धाकटीने दोन दिवस पांढऱ्या गोळ्या घेतल्या, दोन दिवस पिवळ्या. पाचव्या दिवशी थंडीतापाने कुडकुडत ती न्हाणीघराच्या दारात बसली, ती उठेना.

रुग्णालयात धाकटीने घेतलेल्या गोळ्यांची नावं, मात्रा, वेळा, सगळं ताईने न अडखळता सांगितलं.

“छान पाठ आहे,” डॉक्टरीणबाई तपासणीचा कागद उलटत म्हणाल्या. “यातलं एकही औषध तिला लागू पडत नाहीये. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत.”

धाकटीची आई लेकीचं पाऊल मुठीत धरून बसली होती. “मग काय लागू पडेल, बाई?”

“शोधतोय.”

अजून शोधताहेत. विद्यापीठाने दरम्यान ज्ञान वाढवण्यासाठी दुसरी प्रश्नावली काढली, आणि माना डोलावत सर्वांनी ती सोडवली.

राहता राहिला डबा. तो खोलीत नेमका कुठे असायचा, हे मी कुठेच सांगितलेलं नाही. तरी वाचताना तुम्हाला त्याची जागा दिसली, झाकण दिसलं, आतली अर्धी पट्टीही दिसली.

ती पट्टी कुणाच्या घरची?