गजाननचं नाव-गाव

गजानन मेसात जेवाले बसला का वाढाच्या आधी घोषणा करे. पाटावर मांडी घातली, पाण्याचा पेला माइकसारखा तोंडापुढं धरला अन् सुरू. "श्रोतेहो, आता आपल्यासमोर येत आहे वांग्याची भाजी. स्वयंपाकी आहेत महादूकाका." महादूकाका म्हणजे मी. एक घास खाल्ला का दुसरी घोषणा. "तांत्रिक अडचणीमुळे आजच्या भाजीत मीठ येऊ शकलेले नाही. क्षमस्व." सारे पोट्टे हासत. मीही हासो. काय करता? मीठ खरंच नसे.

नागपुरात सक्करदऱ्याकडं कॉलेजातल्या पोट्ट्याइची मेस होती, तिथं मी पोळ्या लाटो. शाळेत मी दुसरीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरच म्हणे, "महादू, घंटी वाजवाचं काम तुले छान जमते. बाकी राहू दे."

गजानन पारशिवनीकडचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले. हडकुळा, गळ्यापर्यंत बटनं लावलेला. बोलणं सारं रेडिओतलं. रस्त्यात गाय आडवी आली तर आपण म्हणू, हाकल ना बे. हा म्हणे, "मार्गात व्यत्यय आला आहे."

एका शनिवारी सकाळी तो चुलीपाशी येऊन उभा राह्यला. हातात रेडिओ स्टेशनचा पास, दोन माणसाइचा. रविवारी तिथं गप्पाइच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. नाटकातला एक मोठा माणूस येणार, त्याच्यासंगं एक बाई गप्पा मारणार, समोर लोक बसवणार. अन् शेवटी लोकाइनं आपलं नाव-गाव सांगून त्याले सवाल इचाराचे.

"मले काहून नेऊन राहिला गा? दोस्त मेले काय तुह्ये?"

"ते हसतील, काका."

"अन् मी?"

"तुम्ही झोपाल."

मंग त्यानं खरं सांगतलं. माय गेली त्याच वर्षी हा शिकाले नागपूरले आला. घरी बाप एकटा. बाप म्हणे, "जाचं तर जाय, पण माह्यासंगं बोलू नोको." दोन वर्षं झाली. सुट्टीत हा घरी जाये तर बाप ताट वाढून ठेवे अन् वावरात निघून जाये. पत्र टाकलं तर ते गावच्या मास्तराकडं पडून राहे. बापाले वाचता येत नाही, अन् वाचून दाखवा म्हणत नाही. पण रेडिओ काही सुटत नाही. रविवारी संध्याकाळी गप्पाइचा कार्यक्रम, त्याच्या मागून शेतीचा. बाप बाजंवरून हालत नाही.

"एकदा माझं नाव त्यांच्या कानावर गेलं पाहिजे, काका. बस."

मले वाटलं, कान तर बापाचे हायेत, मेहनत याची हाय, आपल्याले काय, बसाचंच हाय. पण बसू देते कोण? शनिवारी दुपारपासून त्यानं मले सारं नागपूर पायी फिरवलं. आवाज मोकळा कराचा म्हणे. बर्डीच्या बजारात गर्दीत सवाल म्हणून पाह्यला, महाल भागात गल्लीत म्हणून पाह्यला. रविवारी सकाळी फुटाळा तलावावर जाऊन पाण्याकडं तोंड करून वरडला, "रंगभूमीवरील मौनाचे महत्त्व आपण कसे विशद कराल?" तिथं एक जण म्हशी धूत होता. तो म्हणे, "काय इकून राहिला गा?"

माह्या चपलीचा अंगठा तुटला. पोटऱ्याइचे दगड झाले.

"बसनं जाऊ ना गा."

"चालल्यानं दम वाढतो, काका."

"माह्या तर सरून राहिला!"

रेडिओ स्टेशनात पोचलो तर खोली अशी थंडगार का काय सांगू. खाली गालिचा, मऊ खुर्ची. भिंतीले मुद्दाम पाडलेले बारके बारके छेद. मी छेद पाह्यत पाह्यतच झोपलो. तिकडं एक माणूस लोकाइले समजावून राहिला होता, लाल दिवा लागला का कोणी बोलाचं नाही, मी हात वर केला का टाळ्या वाजवाच्या. हे मले मागून समजलं.

डोळा उघडला तं समोर एक माणूस हात वर करून उभा. आमच्या मेसात इतकी वर्षं हात वर झाला म्हणजे पोळी. मी ताडकन उठलो अन् वरडलो, "आणतो!"

सारं थांबलं. तो मोठा पाहुणा टेबलावर डोकं ठेवून हासे. टेप मागं फिरवली, पुन्हा पह्यलेपासून. मले दारापाशी नेऊन बसवलं. गजाननानं माह्याकडं असं पाह्यलं का मले मेल्यावाणी झालं. कारण ती बाई घड्याळ पाहून म्हणे, "आता वेळ नाही. दोनच प्रश्न घेऊ."

पह्यला एका प्रोफेसरानं घेतला. लय लांबवला. मी दारापाशी बसून देवाचं नाव घेऊन राहिलो होतो, घेता येते तेवढं. दुसऱ्याच्या वेळेस गजाननानं दोन्ही हात वर केले. माइक त्याच्याकडं गेला.

उभा राह्यला. घसा खाकरला. "मी गजानन. गाव बोरगाव, पारशिवनीजवळ." अन् अडकला. मौनाचं महत्त्व कुठं गेलं कोण जाणे. मंग अगदी हळू म्हणे, "बाबा, मी बरोबर जेवून राहिलो. तुमी बी जेवत जा."

कोणी हासलं नाही. बाई चांगली होती. दिवा बंद झाल्यावर जवळ येऊन म्हणे, "घरचे निरोप ठेवता येत नाहीत हो आम्हाला. नाव-गाव राहील, पुढचं कापावं लागेल."

"हो," गजानन म्हणे. बाहेर आल्यावर स्वतःच म्हणे, "काका, बसनं जाऊ." सारा रस्ता खिडकीतून पाह्यत राह्यला. मी दोनदा माफी मांगतली. दोन्ही वेळा म्हणे, "जाऊ द्या."

पुढच्या रविवारी पिठाच्या डब्यावर ट्रान्झिस्टर ठेवून आम्ही सारे बसलो. माह्यं "आणतो" कापलं होतं. खोटं कायले सांगू, थोडं वाईट वाटलं. गजाननचं नाव अन् गाव आलं, अन् लगेच पाहुण्याचं हासणं, दुसऱ्या ठिकाणचं आणून जोडलेलं. झालं. पाच शब्द, अन् तेही कसे? दोन दिवस वरडून घसा असा बसला होता का समोर बसून मीच आवाज ओळखला नसता. पोट्टे म्हणत, हा कोन म्हातारा? गजानन हात धुवाले उठला.

चार-पाच दिवसानं एक कार्ड आलं. पोस्टमननं माह्याच हातात देलं, पण माह्या हातात देऊन काय उपेग? गजानन जेवत होता, त्याच्यापुढं धरलं.

"गावच्या मास्तरांचं अक्षर आहे," म्हणे.

"वाच ना."

त्यानं डाव्या हातानं धरून वाचलं. घोषणेचा आवाज नाही, काही नाही. "आवाज बसला आहे. थंड पाणी पिऊ नको. संध्याकाळी दही खाऊ नको. बाबा."

कार्ड उलटं करून पाह्यलं. मागं पत्ताच होता. पुन्हा सुलटं केलं अन् पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

मी दह्यानं भरलेला गंज हातात घेऊन उभाच होतो. दुसऱ्या हातात डाव भरलेला.

"दही राहू द्या, काका," तो म्हणे.

"हो गा," म्हटलं, अन् दही पुढच्या पोट्ट्याले वाढलं.