उच्च श्रेणीतले आजोबा

मनुष्याची योग्यता त्याच्या शब्दांच्या लांबीवरून ठरते, हे सर्व प्रगत समाजांनी मान्य केलेले तत्त्व आहे. मानिसालेसमध्ये ते फार पूर्वीपासून पाळले जाते. कोलंबियातल्या डोंगरमाथ्यावरचे हे आमचे गाव वर्षातला बराच काळ ढगात असते, आणि त्यामुळेच की काय, इथल्या माणसाला जमिनीवरचे बोलणे जमत नाही. नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही आधी प्रास्ताविक करतो. (नळ त्यानंतर दुरुस्त होतो, किंवा होत नाही.)

अशा गावात डॉन आर्सेसिओ हिराल्दो यांनी सारी हयात नोटरीच्या कचेरीत काढली. म्हणजे आधीच मर्कट, त्यात कचेरीची नोकरी. निवृत्तीनंतर त्यांना एकच दुःख उरले होते. मुलगी यानेथ न्यू जर्सीत राहायची. तिची सहा वर्षांची लेक हेली फक्त इंग्रजी बोलायची आणि आजोबा फक्त स्पॅनिश. दर रविवारी फोनच्या पडद्यावर हेली यायची, "हाय" म्हणायची आणि पळायची. मागे रिकामा सोफा उरायचा. आजोबा त्या सोफ्याकडेच बघत बसायचे. पोर घटकाभर समोर बसावी, एवढेच त्यांना हवे होते.

म्हणून त्यांनी उच्च इंग्रजी शब्दसंपदा संस्थेत नाव घातले.

या संस्थेचे उपकार आमचे गाव विसरणार नाही. इंग्रजाला जो शब्द विद्यापीठात जाऊन शिकावा लागतो, तो स्पॅनिश माणसाला पाळण्यातच मिळालेला असतो, कारण दोघांनीही तो लॅटिनकडून उचललेला आहे, हा तिचा शोध. आमच्या कोपऱ्यावर अरेपा, म्हणजे मक्याची भाकरी, भाजणारी बाई साध्या इमारतीला 'एदिफिसिओ' म्हणते. त्याचे शेपूट छाटले की 'एडिफिस' होते, आणि ते ऐकून इंग्रज कोश उघडतो. अशी शेपटे छाटून विद्यार्थ्याचे चार हजार उच्च शब्द पहिल्याच तासाला तयार होतात. दुसऱ्या तासाला निरोप समारंभ. उत्तीर्णांचे प्रमाण शंभर टक्के आहे. इंग्रजी बोलता येणाऱ्यांचे प्रमाण संस्थेने काढलेले नाही, कारण तो विषय अभ्यासक्रमात येत नाही.

राहता राहिले 'गेट', 'पुट', 'अप', 'ऑफ' असले फुटकळ शब्द. संचालिका दोन्या लिगिया यांनी ते प्राथमिक श्रेणीत, म्हणजे शेंबड्या पोरांच्या वर्गात, ढकलून दिले होते. "ज्या शब्दाचे चाळीस अर्थ निघतात," त्या म्हणत, "त्या शब्दाला चारित्र्य नसतं."

पुढच्या रविवारी डॉन आर्सेसिओ कोट घालून फोनसमोर बसले आणि इंग्रजीत जे बोलले, त्याचा मराठीत आशय असा: "हे सुस्वभावी वंशजे, तुला अभिवादन असो. सांप्रत तू कोणत्या अवस्थेत आढळतेस?"

हेली पळायची थांबली. तिने आईला विचारले, "मम्मा, आजोबा चर्चमध्ये उभे आहेत का?"

"अहो, सहा वर्षांची पोर आहे ती," त्यांच्या पत्नी नूबिया म्हणाल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. "जरा हसून बोला. मयताला आल्यासारखं तोंड नका करू."

पण उपाय लागू पडला होता. हा विचित्र म्हातारा आज काय बोलतो, ते ऐकायला हेली दर रविवारी बसू लागली. आजोबा गल्लीभर सांगत फिरले की नातीला उच्च वाङ्मयाची गोडी लागली आहे.

मग एका रविवारी हेली आपण होऊन आली. जवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "दे पिक ऑन मी, ग्रँडपा. ॲट स्कूल."

शब्द फुटकळ होते, पण डॉन आर्सेसिओ डगमगले नाहीत. 'पिक' म्हणजे निवडणे. 'ऑन' म्हणजे वर. शाळेने पोरीला निवडून वर घेतले होते! ते ताडकन उभे राहिले. "त्रिवार अभिनंदन! ही निवड तुझ्या गुणांस सर्वथा अनुरूप आहे. तुझे सहाध्यायी तुला अशीच नित्य निवडत राहोत!"

"अहो, गप्प बसा. पोर रडतेय."

"आनंदाश्रू आहेत गं ते."

सोफा रिकामा झाला. संध्याकाळी यानेथचा फोन आला. "पप्पा, काय बोललात तिला? 'पिक ऑन' म्हणजे छळणं. पोरं छळतात तिला शाळेत! डब्यातल्या अरेपावरून चिडवतात, ढकलतात. मलासुद्धा नव्हतं सांगितलं तिने. आधी तुम्हाला सांगायला आली होती."

डॉन आर्सेसिओ त्या रात्री जेवले नाहीत. चार हजार शब्द होते, पण त्यातला एकही पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या कामाचा नव्हता.

सकाळी ते संस्थेत जाऊन फुटकळ शब्द मागू लागले.

"डॉन आर्सेसिओ, उच्च श्रेणीतून खाली उतरायची तरतूद नाही आपल्याकडे," दोन्या लिगिया म्हणाल्या.

"मग नापास करा मला."

संस्थेच्या इतिहासातले हे पहिलेच नापास. आठवडाभर ते शेंबड्या पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले आणि इतरांबरोबर मोठ्याने 'गेट अप' म्हणत उठले.

रविवारी यानेथने हेलीला ओढतच फोनसमोर आणले. पोर मान वर करेना. आजोबांनी कोट घातला नव्हता, प्रास्ताविकही केले नाही. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "हू पिक ऑन यू? आय पिक ऑन हिम."

हेलीने वर पाहिले. "आय *विल*, ग्रँडपा," तिने चूक सुधारली. मग ती खुदकन हसली, सोफ्यावर मांडी घालून बसली आणि त्या मुलाचे नाव, त्याचे बूट, त्याची बहीण असे सगळे सांगत सुटली. आजोबांना त्यातले चार आणे कळले. डोळे पुसत ते पोटभर ऐकत राहिले.

हेलीला थोडी स्पॅनिश शिकवावी, हा विचार या सगळ्या खटाटोपात कुणाच्याच मनात आला नाही. आजोबांच्या नाही, आईच्या नाही, संस्थेच्या तर नाहीच नाही. सुजाण वाचकांच्या मनात तो अर्थातच पहिल्यापासून असणार. त्यांनी ही गोष्ट आपल्या नातवंडांना फोनवर जरूर सांगावी. इंग्रजीतच सांगावी लागेल; शब्द तेवढे छोटे वापरावेत.