ठसकामुक्त वॉर्ड

शिंदखेड्याजवळचे धनसिंग नाना गिरासे यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना धुळ्यातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल करण्यात आले. दुसऱ्या दिवशी पाणी पिताना नानांना ठसका लागला. घरी असते तर कुणीतरी पाठ थोपटली असती. येथे नमुना क्रमांक अकरा तीन प्रतींत भरण्यात आला, कारण रुग्णालयाने त्या महिन्यात ‘ठसकामुक्त वॉर्ड’ ही मोहीम हाती घेतली होती.

मोहिमेचे प्रमुख होते गुणवत्ता अधिकारी भूपेंद्र साहेब. त्यांनी नानांना गिळण्याच्या तपासणीसाठी रुग्णालयातल्या वाचा-उपचारतज्ज्ञ हेमांगी मॅडमकडे पाठवले. हेमांगी आपले काम मनापासून करीत असे, आणि अडचण तिथूनच सुरू झाली. तिने नानांना ताठ बसवले, चमचाभर पाणी दिले, गळ्यावर बोटे ठेवून घोट वर-खाली होताना पाहिला, मग त्यांना बोलायला लावून आवाज ऐकला. पाणी चुकीच्या वाटेने जात होते. ज्वारीची दाट पेज मात्र बिनबोभाट उतरत होती.

“नानांना गिळता येतं,” तिने सांगितले. “हनुवटी खाली, एका वेळी अर्धा चमचा. गिळल्याची खात्री झाली की पुढचा. एका जेवणाला चाळीस मिनिटं.”

भूपेंद्र साहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, एका रुग्णाच्या भोजनास सात मिनिटे मंजूर आहेत. संगणकाच्या रकान्यात दोन आकडे बसतच नाहीत.”

“मग रकाना मोठा करा.”

“त्याला समितीची बैठक लागेल.”

“मी भरवतो ना!” नानांचा मुलगा दीपक पुढे आला.

“नातेवाइकांनी भरवण्यास मनाई आहे. ठसका लागला तर जबाबदार कोण?”

त्यामुळे दुपारी सिस्टर वाटी घेऊन आल्या, सात मिनिटे बसल्या आणि सहा-सात चमचे झाल्यावर नियमानुसार उठल्या. नोंद झाली : ‘रुग्णाने उर्वरित भोजन नाकारले.’ असे तीन नकार जमल्यावर समुपदेशक आले.

“आजोबा, जगावंसं वाटतं ना?”

“माले भूक लागेल शे, भाऊ,” नाना जड जिभेने म्हणाले. “कोन्ही खावाले देत नही.”

समुपदेशकांनी लिहिले : ‘रुग्णाच्या मनात समाजाविषयी कटुता आढळते.’

कटू मनाच्या माणसाने घास नीट गिळला नाही तर आकडेवारी बिघडेल, म्हणून नानांच्या नाकातून नळी घालण्यात आली. हेमांगीने लेखी हरकत घेतली. ती हरकत आदरपूर्वक फायलीत लावण्यात आली. नळीवाटे जेवण सहा मिनिटांत उरकले. वाचलेल्या त्या एका मिनिटाने भूपेंद्र साहेब इतके भारावले, की आठवडाभरात सगळ्या वॉर्डाला नळ्या लागल्या. पाय मोडून आलेल्या भागाबाई “माझं तोंड चांगलं आहे!” असे ओरडत होत्या. त्यांचे तोंड तपासले असता खरोखरच चांगले निघाले, पण तोवर नळी बसली होती.

नळ्या लागल्यापासून महिनाअखेरपर्यंत वॉर्डात ठसके शून्य. सत्कार झाला, पेढे वाटले गेले. भाषणाच्या मध्यात भूपेंद्र साहेबांनाच पेढ्याचा ठसका लागला. ते रुग्ण नसल्याने त्याची नोंद झाली नाही.

घरी सोडण्याच्या दिवशी दीपकने कार्यालय डोक्यावर घेतले. “माझा बाप म्हणजे काय टाकी आहे का? माणसाला घास भरवायला तुमच्याकडे वेळ नाही?” मग डॉक्टरांची सही मिळवून हेमांगीने नानांना पुन्हा तपासले, नळी काढली आणि दीपकला भरवायला शिकवले. स्वतःचा मोबाइल नंबरही दिला.

पहिल्या दिवशी दीपकने पूर्ण चाळीस मिनिटे भरवले. नानांच्या डोळ्यांत पाणी आले. त्याचा फोटो दीपकने स्टेटसला ठेवला. ‘आजच्या जगातला श्रावणबाळ’ म्हणून गावभरातून अंगठे आले. दुसऱ्या दिवशी दोन चमच्यांच्या मध्ये तो मोबाइल पाहू लागला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “नाना, जरा पटापट गिळा ना.” चौथ्या दिवशी वाटी बायकोकडे गेली. पाचव्या दिवशी बायकोने ती परत आणून दिली.

सहाव्या दिवशी त्याने हेमांगीला फोन लावला.

“मॅडम, नळी काढायची जरा घाईच झाली, नाही का?”

“का? गिळता येत नाही त्यांना?”

“त्यांना येतं हो!” दीपक वैतागून म्हणाला. “त्यांचं सगळं व्यवस्थित आहे.”

समोर हनुवटी खाली घेऊन, तोंड उघडून नाना पुढच्या चमच्याची वाट पाहत बसले होते.