म्हणजे तुमचं म्हणणं असं, की...

आमचे हेडक्लार्क निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांच्या खुर्चीवर माझा डोळा होता. (त्या खुर्चीला दोन्ही हात आहेत. माझ्या खुर्चीला फक्त डावा.) पाणीपट्टीची बिलं मी इतकी वर्षं इमानेइतबारे काढत आलोय, तेव्हा खुर्ची आपलीच, असं मी धरूनच चाललो होतो. पण साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की कामात तुम्ही चोख आहात, तुमचं कम्युनिकेशन तेवढं कमी पडतं.

"बरं," मी म्हणालो.

"हेच ते," साहेब म्हणाले.

आता शर्यतीत दुसरं कोण, तर शेजारच्या टेबलावरचा मौनीबाबा. हा मनुष्य सकाळी येतो, कुणी काहीही म्हणालं तरी "हं" म्हणतो आणि संध्याकाळी जातो. त्याच्यापुढे मी म्हणजे धबधबा. पण साहेबांना हे कोण सांगणार? सांगायला कम्युनिकेशन हवं. म्हणून मी चपलांच्या दुकानाच्या माडीवर भरणाऱ्या संवादकौशल्याच्या क्लासला नाव घातलं.

तिथले सर पूर्वी घरोघरी फिरून पाण्याचे फिल्टर विकायचे. बारा महिने टाय लावत. बोलण्यापेक्षा ऐकणं महत्त्वाचं, यावर ते तास संपेपर्यंत बोलायचे आणि मध्येच कुणी शंका काढली तर हात वर करून त्याला गप्प करायचे. त्यांची हुकमी युक्ती एकच होती. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, क्षणभर थांबायचं आणि त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा स्पष्ट शब्दांत त्याला परत करायचं. सुरुवात ठरलेली: "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..." याचा सराव आधी घरी करा, असंही ते म्हणाले. (सर अविवाहित आहेत, हे मला पुढे कळलं.)

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, गॅलरीतला पसारा तेवढा आवरा. मी हातातला कप खाली ठेवला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की या पसाऱ्याचा तुला मनापासून त्रास होतो."

"डोळ्यांत काही गेलंय का तुमच्या?"

पण मग ती समोर येऊन बसली. हो म्हणाली, होतो त्रास. आणि जी सुरू झाली, ती पसाऱ्यावरून माझ्या घोरण्यावर आणि तिथून आमच्या लग्नात माझ्या थोरल्या बहिणीने धरलेल्या अबोल्यावर गेली. मी प्रत्येक मुद्दा जास्त स्पष्ट करून परत करत होतो. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा आपलं ऐकतोय, हे बघून ती इतकी खूश झाली, की मला खरंच बरं वाटलं. त्याच भरात ती सहज बोलून गेली, की बाबांना हल्ली तिकडे एकट्याला करमत नाही.

मी रंगात आलो होतो. "म्हणजे तुझं म्हणणं असं, की त्यांनी आपल्याकडेच राहायला यावं."

तिला असं काही म्हणायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मग तिचे डोळे भरून आले. "तुम्ही स्वतःहून म्हणालात," ती म्हणाली आणि फोन लावायला आत गेली.

त्याच रविवारी सासरेबुवा दोन ट्रंका आणि एक रेडिओ घेऊन दाखल झाले. ते निवृत्त हेडमास्तर. बोलायला वर्ग उरला नव्हता, तो त्यांना माझ्यात सापडला. माझी आरामखुर्ची त्यांनी घेतली आणि मी समोरच्या स्टुलावर बसून त्यांचं पोटाच्या तक्रारींबद्दलचं म्हणणं त्यांना परत करू लागलो. पण मी नेटाने सराव चालू ठेवला. दोन हातांची खुर्ची डोळ्यांसमोर होती ना.

शेवटी तो दिवस आला. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. त्यांच्यासमोर आमची बैठक होती आणि नवा हेडक्लार्क तिथेच ठरणार होता. चहा आला. आमचे साहेब बिचारे शब्द चाचपत म्हणाले, की वरून येणाऱ्या सूचना इथली परिस्थिती जरा लक्षात घेऊन आल्या, तर कामाला सोयीचं होईल.

अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी साहेबांच्या डोळ्यांत बघितलं. क्षणभर थांबलो.

"म्हणजे साहेब, तुमचं म्हणणं असं, की वर बसलेल्यांना खालचं काही कळत नाही."

मोठ्या साहेबांचा कप ओठांपाशीच थांबला. मग ते हळू आवाजात म्हणाले, की असं कुणाला वाटत असेल, तर त्याचा विचार करावा लागेल. खरं तर इथे मी थांबायला हवं होतं. पण सवय ती सवय.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की आमच्या साहेबांचं पुढचं प्रमोशन आता विसरा."

तेवढ्यात मौनीबाबाने बिस्किटांची बशी मोठ्या साहेबांपुढे सरकवली. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी त्याला विचारलं.

"हं," मौनीबाबा म्हणाला.

मोठ्या साहेबांनी मान डोलावली. माणूस विचारी दिसतो, असं ते जाताना म्हणाले. संध्याकाळपर्यंत मौनीबाबा दोन हातांच्या खुर्चीत बसला होता आणि माझी नेमणूक तक्रारींच्या खिडकीवर झाली होती. तुम्हाला ऐकून घेण्याची हौस आहे ना, एवढंच आमचे साहेब म्हणाले. खिडकीपाशी खुर्ची नाही. उभं राहूनच ऐकायचं.

घरी आलो तो रडकुंडीला येऊन. कुणीतरी आपलं ऐकून घ्यावं असं फार वाटत होतं. बायकोला सगळं सांगितलं: साहेब कसे सूडबुद्धीचे, क्लासचे सर कसे लबाड, मौनीबाबाचं नशीब कसं बलवत्तर. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्या डोळ्यांत बघितलं. क्षणभर थांबली.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की चूक तुमचीच होती."

सरांनी सांगितलं होतं तस्संच. माझ्यापेक्षा स्पष्ट शब्दांत.

"हं," मी म्हणालो.

आरामखुर्चीतून सासरेबुवांनी रेडिओ बारीक केला. "बघ," ते लेकीला म्हणाले, "जावईबापू आता कुठे नीट बोलायला लागले."