खळ लावलेलं दार

आमच्या शेजारच्या आप्पांचा कुठल्याही बंद दारावर विश्वास नव्हता. त्यांच्या कोटाच्या खिशात सुताची एक गुंडी कायम असे. आमच्याकडे आले, की त्यातलं हातभर सूत तोडून ते माझ्या कपाटाच्या फटीत घालत, दार लावत आणि सूत ओढून बघत. सूत सरकन बाहेर आलं, की मान हलवत.

"वैनी, ह्यातनं वारा जातोय. सूत खोटं बोलत न्हाय."

त्या कपाटात जुना पाटा-वरवंटा आणि दोन फुटके डबे होते. वाऱ्यानं त्यांचं काय बिघडणार, असं मी एकदा विचारलं. त्यावर आप्पा म्हणाले, "आज फुटके हाईत. उद्या चांगलं काय ठेवलं तर?"

शहापुरात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. आप्पा जन्मभर हातमागावर साड्या विणत आले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि एकुलती मुलगी सुशी निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी दिलेली. त्या वर्षी सुशीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण निपाणीहून निरोप आला, की तुमच्या घरात बाईमाणूस नाही, बाळंतिणीचं कोण करणार, मुलगी इथेच राहील.

आप्पा आठवडाभर मागाकडे फिरकले नाहीत. मग एके सकाळी साहेबलोकांच्या कॅम्पात गेले आणि संध्याकाळी बैलगाडीतून बर्फाची पेटी घेऊन आले.

विलायतेला परत निघालेल्या कोणा साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, त्यातली ती पेटी. बाहेरून सागवानी, आतून जस्ताचा पत्रा, वरच्या कप्प्यात बर्फ ठेवायचा, खालच्यात दूधदुभतं. गल्लीतली माणसं बघायला जमली. आप्पा पेटीवर हात ठेवून मला म्हणाले, "घरात बाई न्हाय, पन पेटी हाय. आता दूध नासायचं न्हाय, औषध नासायचं न्हाय. बाळंतिणीला आनि काय लागतंय?"

मी चार बाळंतपणांतून उठलेली बाई. यादी सांगायला बसले असते तर दिवस मावळला असता.

पेटीत एकच खोट होती. दाराच्या कडेनं बसवलेली रबराची पट्टी म्हाताऱ्याच्या टाचेसारखी भेगाळली होती. आप्पांनी चारी बाजूंनी सूत घालून बघितलं, चारी बाजूंनी ते सुटलं. सकाळी आणलेला बर्फ दुपारपर्यंत पाणी होऊन अंगणात वाहायचा. दूध नासायचं. ते नासलेलं दूध आप्पा इमानेइतबारे माझ्याकडे आणून देत, आणि मी गूळ घालून ते आटवत असे. पंधरा दिवसांत माझ्या मुलांना त्या पदार्थाचा वीट आला.

"कॅम्पातल्या मिस्त्रीला बोलवा," मी म्हटलं.

"मी इतकी वर्षं काठ-पदर जुळवतोय, वैनी. एक दार जुळवाय मिस्त्री कशाला?"

आधी त्यांनी सायकलची जुनी ट्यूब चिरून लावली. ती कोपऱ्यांवर गोळा झाली आणि दार उलट जास्तच उघडं राहू लागलं. मग आप्पा मागावर बसले. दुपदरी वीण घालून चार बोटं रुंदीची एक लांब नळी विणली, तिच्यात पिंजलेला कापूस भरला. जुनं रबर कानशीनं खरवडून काढलं, लाकूड पुसून घेतलं आणि वीतभर अंतरावर बारीक चुका ठोकत ती नळी दाराभोवती बसवली. कोपऱ्यांवर कापून जोड दिला नाही, वळवून नेली. काम इतकं सुबक होतं, की मला नावं ठेवायला जागा राहिली नाही.

ती जागा मग आप्पांनीच करून दिली. शेवटी नळीला त्यांनी तांदळाची घट्ट खळ लावली.

"आप्पा, ही काय नेसायची साडी आहे? बर्फाच्या ओलीनं खळ चिकट होईल."

"बिनखळीचं सूत म्हंजे बिनन्हानलेलं पोर," आप्पा म्हणाले. "मी तसलं कुनाच्या म्होरं ठेवत न्हाय."

पेटीचं आप्पांनी निपाणीला कळवलं होतं आणि विहीणबाई रविवारी यायच्या होत्या. जवळच्या खासबागेत त्यांच्या नात्यात लग्न होतं, जाता जाता घर बघून मग काय ते ठरवू, असा त्यांचा निरोप होता. शनिवारी सकाळी आप्पांनी बर्फ आणला, तापवून निववलेलं दूध आत ठेवलं, सूत घालून ओढलं. ते तुटलं, पण सुटलं नाही. पेटीला गोणपाट गुंडाळून ते रविवार दुपारपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले.

विहीणबाई आल्या. धिप्पाड, नऊवारी, हातात तपकिरीची डबी. आप्पांनी मला चहा करायला बोलावलं होतं. त्यांनी गोणपाट काढलं, मूठ धरली आणि ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. दाराऐवजी पेटी पुढे आली.

"इवाय, कुलूप घातलंय व्हय?" विहीणबाईंनी व्याह्यांना विचारलं.

"न्हाय आक्का, जरा घट्ट बसलंय."

विहीणबाईंनी डबी कनवटीला खोचली, पेटीला एक पाय लावला आणि मूठ धरली. आप्पांनी मागून पेटी धरली. खळीनं चिकटलेलं दार टर्रकन उघडलं. आतलं दूध थंडगार होतं. विहीणबाईंनी वास घेतला, घोटभर प्यायल्या.

"दूध ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "पन पोरीला कळा सुरू झाल्या तर ही पेटी उठून सुईनीला बोलवाय जानार हाय व्हय?"

आप्पांनी दुधाचं भांडं पुन्हा आत ठेवलं.

"मी जाईन," मी म्हणाले. "भिंतीपलीकडेच राहते. न्हाणं, शेक, बाळाचं तेलपाणी, सगळं करीन."

विहीणबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमची किती?"

"चार. चारही धड आहेत."

"मग हे आदी सांगाय काय झालतं, इवाय? मला पेटी कसली दाखवत बसलासा?" त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "सातवा लागला की आनून सोडते पोरीला."

त्या गेल्यावर मी आप्पांना धारेवर धरलं. महिनाभर रबर, ट्यूब, चुका, खळ. मला एक शब्द विचारायला काय झालं होतं?

आप्पा दाराच्या कडेची खळ नखानं खरवडत होते. "आलतो की. दोनदा आलतो."

"मग?"

"एकदा तुमी भाकरी थापत होता."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा नुसत्याच बसला होता. पायरीवर."

"मग तेव्हा तरी विचारायचं."

आप्पांनी वर बघितलं नाही. "सुशीच्या आईला मी कदी नुसतं बसलेलं बघितलं न्हाय, वैनी. तुमी बसला होता. म्हटलं, बसू द्यात."

मी गरम पाणी आणि फडकं आणायला घरी गेले. ती खळ नखानं निघण्यातली नव्हती.